अलॉय व्हीलला आरशासारखी चकाकी आणायची कशी: आधी घासकाम, मग पॉलिश

धातूच्या पॉलिशची ट्यूब आणायची, संध्याकाळभर फडक्याने घासायचं आणि चाक धुरकटच राहिलं की ट्यूबला नावं ठेवायची, असं बऱ्याच जणांचं होतं. दोष बहुतेक वेळा ट्यूबचा नसतो. एक तर चाकावर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक संरक्षक रंगाचा, थर शाबूत असतो आणि पॉलिश धातूपर्यंत पोचतच नाही. नाहीतर लॅकर निघालेलं असतं, पण वॉटर पेपरचे, म्हणजे ओला करून घासायच्या सँडपेपरचे, चरे तसेच राहिलेले असतात. पॉलिशने चरे जात नाहीत, ते फक्त जास्त चमकतात. चकाकीचं खरं काम वॉटर पेपरवर होतं. पॉलिश त्यावर शेवटचा हात फिरवतं. म्हणून या लेखातला सगळ्यात मोठा भाग घासकामाचा आहे, आणि तो गाळून पुढे जाऊ नका.

एका चाकाला सवड काढून अख्खा दिवस द्या. चारही चाकं एकाच रविवारी उरकायची ठरवलीत, तर तिसऱ्या चाकापासून घाई सुरू होते आणि ती नंतर उन्हात स्पष्ट दिसते.

## १. चाक कसलं आहे ते आधी ओळखा

कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक अलॉय व्हीलवर रंग आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. पॉलिश होतं ते उघडं ॲल्युमिनियम. हे तपासायला चाकाच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, थोडं मेटल पॉलिश पांढऱ्या सुती फडक्याने चोळा. फडकं लगेच काळं पडलं तर धातू उघडा आहे. फडक्यावर नुसता पॉलिशचाच रंग राहिला तर वर थर आहे. मग समोरच्या बाजूलाही एकदा तपासा, कारण आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी असू शकते.

खाली दिलेल्या चाकांच्या वाटेला जाऊ नका:

- डायमंड कट चाकं. प्रकाशात फिरवलं की तबकडीवरच्यासारख्या अगदी बारीक गोल रेषा दिसतात. त्या लेथवर कापलेल्या असतात आणि त्यावर क्लिअर कोट असतो. पेपर लावला की रेषा गेल्या, आणि त्या परत आणायला पुन्हा लेथच लागतं.
- क्रोम चढवलेली चाकं. क्रोमचा थर फार पातळ असतो. पेपरने तो फाटतो आणि मग कडेने सोलत जातो.
- तडा गेलेली किंवा वाकलेली चाकं. खड्ड्यात आपटलेलं चाक आतल्या कडेने नीट पाहा. केसासारखी रेघ दिसली आणि ती धुऊन जात नसेल, तर ते चाक चमकवायचं नाही, बदलायचं.

अपेक्षाही आधीच जमिनीवर आणा. बहुतेक कंपनी चाकं ओतीव असतात आणि त्यांच्या मिश्रधातूत सिलिकॉन बरंच असतं. ती छान चमकतात, पण घडीव चाकाइतकी खोल, निळसर चकाकी त्यांच्यावर सहसा येत नाही. ओतीव धातूत बारीक छिद्रंही असतात. जास्त खोल घासलं तर ती काळ्या ठिपक्यांसारखी वर येतात. अशा ठिपक्यांचा पाठलाग करू नका. एक घालवायला जाल तर खालून दुसरे दोन उघडतात.

## २. सामान

- वॉटर पेपर: २२०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक). प्रत्येक नंबरचे दोन-तीन कागद, ६०० आणि ८०० चे जास्त.
- रबराचा किंवा फोमचा ठोकळा. जुन्या रबरी चपलेचा कापलेला तुकडा यासाठी उत्तम. रंगकाम करणारे तोच वापरतात.
- वेग कमी-जास्त करता येणारं ड्रिल मशीन किंवा पॉलिशर. त्याला लागणारे कापडी बफ, म्हणजे पॉलिश करणाऱ्या गोल चकत्या: शिलाईचा घट्ट एक, मऊ सुटा एक, आणि आऱ्यांच्या बेचक्यांसाठी शंकूच्या आकाराचा एक.
- बफिंगच्या वड्या, म्हणजे बफवर लावायचा घट्ट मसाला: कापणारी तपकिरी आणि शेवटची पांढरी.
- ऑटोसोलसारखं मेटल पॉलिश, मिनरल टर्पेंटाईन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, भरपूर मायक्रोफायबर आणि जुनी सुती फडकी.
- चष्मा, एन-९५ मास्क, जाड रसायनरोधक हातमोजे.

बफ आणि वड्या मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत मिळतात. इतर शहरांत भांडी किंवा फिटिंग पॉलिश करणाऱ्या कारागिराला विचारा, त्याला दुकान माहीत असतं.

> सावधान: चार इंची अँगल ग्राइंडरला बफ लावायचा मोह होतो. तो ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या घरात फिरतो आणि कापडी बफ बहुधा त्या वेगासाठी बनवलेला नसतो. बफवर छापलेली वेगमर्यादा वाचा. छापलेलीच नसेल तर तो बफ फक्त ड्रिलवर.

काय आणायचं नाही तेही सांगतो. लोखंडी वायर ब्रश आणि स्टील वूल नको. त्यांचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात, पुढे गंजतात आणि तांबूस ठिपके उमटतात. लादी साफ करायचं ऍसिड नको. कॉस्टिक सोडा किंवा नाली मोकळी करायची पावडर तर अजिबात नको. कॉस्टिक ॲल्युमिनियमला सरळ खातो, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि चाक करडं-काळं, खडबडीत होतं.

## ३. चाक उतरवा, धुवा, झाका

काम गाडीवर करू नका, चाक उतरवूनच करा. गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करायचे, मग जॅक लावायचा, आणि जॅकशेजारी स्टँड ठेवायचा. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका. एका वेळी एकच चाक काढा, म्हणजे गाडी कायमची टेकूवर राहत नाही.

गाडी उचलून, गिअरमध्ये टाकून, फिरत्या चाकावर पेपर धरायची युक्ती काही जण सांगतात. ती कधीही करू नका. गाडी स्टँडवरून सरकली किंवा बोट आऱ्यात गेलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

थर काढायचा असेल तर टायरवाल्याकडून टायर काढून घेणं सगळ्यात चांगलं. चाकात हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर त्याला आधी सांगा. टायर काढायचाच नसेल तर टायर आणि व्हॉल्व्ह मास्किंग टेपने दोन थर देऊन झाका.

आता धुणं. शाम्पूच्या पाण्याने, मऊ ब्रशने, आऱ्यांच्या मागेसुद्धा. ब्रेकची काळी भुकटी म्हणजे लोखंडी आणि कडक कण. ती चाकावर राहिली आणि पेपरखाली आली, तर २००० च्या पेपरखालीही खोल चरा पडतो. वाळल्यावर बोट फिरवून पाहा, बोट काळं होता कामा नये.

> तपासा: हबला चिकटणारी मागची सपाट जागा, नट बसतात त्या खोबण्या आणि टायरची कड बसते ती आतली पट्टी, या तीन जागांना पेपर किंवा बफ लागणार नाही. तिथलं माप बिघडलं तर चाक नीट बसत नाही, नाहीतर हवा गळते. त्यांवर टेप लावा.

## ४. जुना थर काढणं

धातू आधीच उघडा असेल तर थेट पाचव्या पायरीवर जा.

रंगाच्या दुकानातून पेंट रिमूव्हर घ्या आणि डब्यावर ते ॲल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलं आहे ना, हे बघूनच घ्या. काम उघड्या अंगणात, वारा पाठीवर घेऊन करा. बंद गॅरेजमध्ये याची वाफ जीवघेणी ठरू शकते. पातळ सर्जिकल मोज्यांतून हे रसायन आरपार जातं, म्हणून जाड मोजे.

ब्रशने जाड लेप द्या. एकाच दिशेने लावा, पुन्हापुन्हा घोळवू नका. वरून पातळ प्लास्टिक अंथरा, म्हणजे लेप वाळत नाही. बहुतेक जण इथेच चुकतात: लेप उन्हात वाळू देतात आणि मग वाळलेला थर पत्र्याने खरवडतात. थर फुगून सुरकुत्या पडल्या की प्लास्टिकच्या पट्टीने ओढा. कोपऱ्यात नायलॉनचा ब्रश वापरा. एका हातात सगळं निघत नाही, पावडर कोटिंग असेल तर तीन हातही लागतात. शेवटी भरपूर पाण्याने धुवा आणि निघालेली घाण गटारात न सोडता कागदात गोळा करा.

> तपासा: पहिल्या पायरीतली काळ्या फडक्याची चाचणी आता पाच-सहा जागी करा. जिथे फडकं काळं होत नाही तिथे लॅकर शिल्लक आहे. तो डाग पुढे पिवळट बेटासारखा उठून दिसेल.

## ५. वॉटर पेपर: चकाकी इथे ठरते

### सुरुवात कुठून?

गुळगुळीत चाकाला ४०० पुरतो. फुटपाथला घासलेली कड किंवा ओतकामाचा दाणेदार पृष्ठभाग असेल तर तेवढ्याच भागापुरतं २२० किंवा ३२० पासून सुरू करा. कडेचा खोल घाव आधी बारीक कानशीने हलका करून घ्या, पण खड्ड्याच्या तळापर्यंत धातू काढायचा हट्ट नको. शंका असेल तेव्हा बारीक पेपर आधी लावून पाहा. त्याने भागलं तर जाड पेपरचे चरे काढायची मेहनत वाचते.

### कसं घासायचं?

कागद बादलीत दहा-पंधरा मिनिटं भिजवा आणि पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाका. कागदाची तीन घडी घाला, दोन नको. तीन घडीत कागदाची खरखरीत बाजू हातात फिरत नाही आणि पकड सुटत नाही. रिमच्या सपाट पट्टीवर पेपरमागे ठोकळा ठेवा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांखाली दाब जास्त पडतो आणि पट्टीवर लाटा उठतात. अशा लाटा घासताना कळत नाहीत, आरशासारखं झाल्यावर मात्र समोरच्या खांबाचं प्रतिबिंब वेडंवाकडं दिसतं.

एका नंबरला एकच दिशा ठेवा आणि नंबर बदलला की दिशाही बदला. ४०० रिमच्या परिघाला धरून फिरवला असेल, तर ६०० त्याला आडवा, म्हणजे मध्याकडून कडेकडे. ८०० पुन्हा परिघाने. असं केलं की मागच्या पेपरचा एखादा चरा राहिला असेल तर तो उलट्या दिशेला पडलेला, एकटा उठून दिसतो. गोलगोल घासलं की सगळे चरे एकमेकांत मिसळतात आणि कुठला कुणाचा हे ओळखता येत नाही. दिशा न बदलणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक.

आऱ्यांवर परिघाची दिशा जमत नाही. तिथे एक नंबर आऱ्याच्या लांबीला, दुसरा रुंदीला. बेचक्यांत पेन्सिलीला गुंडाळलेला पेपर चालतो.

### नंबर बदलण्याआधी

दर नंबरनंतर तीन गोष्टी करा. चाक स्वच्छ पाण्याने धुवा. बादलीतलं पाणी बदला आणि ठोकळाही धुवा, नाहीतर ४०० चा एक दाणा १००० च्या कामात येतो. मग चाक पूर्ण कोरडं करून मोबाईलचा टॉर्च जवळजवळ चाकाला टेकवून, तिरपा धरा.

ओल्या चाकावर तपासू नका. पाणी चरे भरून काढतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. कोरड्या चाकावर तिरप्या उजेडात फक्त चालू नंबरच्या दिशेच्या रेषा दिसायला हव्यात. आडवी एक जरी दिसली, तरी चालू नंबरने तिथे आणखी घासा. ती जात नसेल तर तेवढ्या जागी एक नंबर मागे या. पुढच्या नंबरला जाईल ती, असं म्हणून सरकू नका. ३२० चा चरा १५०० ने काढायचा म्हणजे तास घालवायचे.

उंचसखल जागा शोधायची सोपी रीत अशी: घासण्याआधी काळ्या मार्करने पट्टीवर नागमोडी रेघ ओढा. दोन मिनिटं ठोकळ्याने घासल्यावर जिथे शाई राहिली ती जागा खोल आहे.

### किती नंबरपर्यंत?

तपकिरी वडी आणि पॉलिशर असेल तर ८०० किंवा १००० ला थांबता येतं, बफ बाकीचं कापतो. पण ड्रिलवर काम करणार असाल तर १५०० पर्यंत जा. सगळं हातानेच करायचं असेल तर २००० सोडू नका. २००० नंतर चाक अजून चमकत नाही, फक्त रेशमी करडं दिसतं आणि डोळे-नाक धूसर ओळखू येतात. इथे पोचलात की कठीण काम संपलं.

> सावधान: ॲल्युमिनियमची कोरडी भुकटी पेट घेऊ शकते. ओलं घासायचं आणखी एक कारण हेच. त्याच जागी लोखंड ग्राइंड करून ठिणग्या पाडू नका, आणि बफिंगच्या वेळी जमलेली भुकटी वेळोवेळी गोळा करून बाहेर टाका.

## ६. बफिंग

चाक हलणार नाही असं ठेवा. जुन्या टायरवर आडवं ठेवून खाली चटई दिली की काम सोपं जातं. लांब बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, विणलेले हातमोजे काहीही फिरत्या बफजवळ नको. चष्मा आणि मास्क लावूनच मशीन सुरू करा.

घट्ट बफ फिरवत त्यावर तपकिरी वडी एक-दोन सेकंद टेकवा, बस. जास्त वडी लावली की लवकर कापतं हा गैरसमज आहे. जादा मसाला गरम होऊन चाकावर काळे चिकट पट्टे सोडतो. असे पट्टे आले तर आणखी वडी लावू नका. बफ जुन्या हॅकसॉ ब्लेडने खरवडून साफ करा आणि हलक्या दाबाने त्याच जागेवरून परत फिरवा.

बफ एका जागी थांबवू नका, कडेपासून आत न जाता आतून कडेकडे काम करा. बफचा कापडी काठ कडेवरून बाहेर निघत असला पाहिजे. कडेत शिरत असेल तर तो अडकतो आणि मशीन हातातून उसळतं. हात लावून चाक कोमट वाटलं तर चालेल, हात ठेवता येत नाही एवढं तापलं तर थांबा.

बफ फिरतो त्याच्या विरुद्ध दिशेला मशीन ओढलं की कापतं, त्याच दिशेला हलक्या हाताने ओढलं की चकाकी येते. आधी कापा, शेवटचे दोन-तीन हात चकाकीचे.

मग चाक मिनरल टर्पेंटाईनने पुसा. तपकिरी वडीचा अंश पूर्ण निघाला पाहिजे. आता मऊ बफ आणि पांढरी वडी. या दोन वड्यांना एकच बफ वापरू नका. तपकिरी कण पांढऱ्या बफात गेले की शेवटच्या हातातही धुकं राहतं. बफांवर मार्करने नाव लिहा आणि वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

> तपासा: उन्हात नेऊन बघा. धुकट पट्टा दिसला तर पांढऱ्या वडीचा एक हात आणखी. सरळ चरा दिसला तर बफने तो जाणार नाही, पाचव्या पायरीवर तेवढ्या जागी परत जा. चऱ्यावर जोर देऊन बफ धरला तर तिथे खळगा पडतो.

## ७. हाताने शेवटचं पॉलिश

एका वेळी पंजाएवढी जागा. वाटाण्याएवढं मेटल पॉलिश सुती फडक्यावर घेऊन घासा. लगेच काळा लगदा तयार होईल. तो पाहून घाबरून पुसू नका. ते ॲल्युमिनियमच निघतंय. लगदा पातळ होऊन त्याखालून चमक दिसायला लागेपर्यंत घासत राहा, पण वाळू देऊ नका. वाळला तर त्यावर थोडं पॉलिश घालून पुन्हा ओला करा. कोरडा लगदा ओढला की बारीक ओरखडे पडतात.

मग स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. फडक्याची घडी सतत बदलत राहा, काळी बाजू परत चाकाला लागू नये. शेवटी थोडं कॉर्नफ्लोर भुरभुरून मऊ कोरड्या फडक्याने फिरवा, पॉलिशचा तेलकटपणा ते ओढून घेतं आणि बोटांचे धुरकट ठसेही निघतात.

## ८. संरक्षण, आणि क्लिअर कोटचा मोह

उघड्या ॲल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साईडचा पातळ थर बसतो आणि आठवड्यांगणिक चमक मंदावते. मुंबईत, कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं. पावसाळ्यात चिखल आऱ्यांवर वाळला की डाग पडतात.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने चाक पुसून तेल काढा आणि मग चाकांसाठीचं सीलंट, म्हणजे संरक्षक लेप, पातळ लावा. दोन हात, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ. तेल न काढता सीलंट लावलं तर ते पहिल्याच धुण्यात जातं.

आरशासारखं झाल्यावर परत क्लिअर कोट मारायचा विचार बरेच जण करतात. माझं मत स्पष्ट आहे: नको. इतक्या गुळगुळीत धातूवर लॅकर नीट धरत नाही, चकाकी थोडी मळकट होते, आणि दगडाने एक टिपका उडाला की तिथून ओलावा शिरून लॅकरखाली किड्यासारख्या पांढऱ्या रेघा पसरतात. मग पुन्हा चौथी पायरी. उघडं ठेवून निगा राखणं कमी कष्टाचं.

## ९. परत बसवणं आणि निगा

टेप काढा आणि हबची सपाट जागा, नटाच्या खोबण्या कोरड्या, स्वच्छ पुसा. तिथे पॉलिश किंवा सीलंट राहू देऊ नका. टायर काढला असेल तर बसवल्यावर बॅलन्सिंग करून घ्या, कारण जुनी चिकट वजनं बहुधा निघालेली असतात. नवी वजनं आतल्या बाजूला लावायला सांगा.

नट हाताने फिरवून सुरू करा, समोरासमोरचे आलटून-पालटून आवळा आणि शेवटी टॉर्क पान्ह्याने गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला. बऱ्याच लहान गाड्यांना ते ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतं, पण तुमच्या गाडीचं माप पुस्तिकेतूनच घ्या. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा एकदा तपासा.

धुताना चाक थंड असू द्या. साधा गाडीचा शाम्पू आणि धुण्याचा मऊ हातमोजा (मिट) पुरे. वॉशिंग सेंटरला गाडी दिलीत तर चाकांवर ऍसिडचा फवारा नको असं आधीच सांगा. उघड्या धातूवर तो एकदा बसला की पांढरे ओघळ उठतात आणि ते पुसून जात नाहीत. धुतल्यावर पाणी आपोआप वाळू देऊ नका, बोअरचं पाणी असेल तर नक्कीच नाही.

सीलंट दर दीड-दोन महिन्यांनी, पावसाळ्यात महिन्याने. चमक थोडी उतरली की फक्त सातवी पायरी करा, चाकाला अर्धा-पाऊण तास पुरतो. पेपरला पुन्हा हात लावायची वेळ फुटपाथला घासलं तरच येते, आणि तेव्हाही फक्त त्या कडेपुरती.